वसमत तेवढं शाबूत राहतं

हिंगोली जिल्ह्यात पाच तालुके आहेत: हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ. ही सहा शब्दांची ओळ पायथॉन या संगणकभाषेला द्या आणि यातले शब्द सुटे करून दे, असं सांगा. त्यासाठी तिच्यात एक ठरलेली खूण आहे, बॅकस्लॅश आणि पुढे डब्ल्यू. डब्ल्यू म्हणजे वर्ड, शब्द. हाती काय येतं पाहा. ह, ग, ल. कळमन, र. वसमत. स, नग, व. औ, ढ. न, गन, थ. सहा शब्दांचे चौदा तुकडे, आणि काने, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार सगळे गायब.

वसमत वाचलं, कारण त्याला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. काना-मात्रा नसलेला मोठ्यात मोठा शब्द कोणता, या शाळेतल्या कोड्याचं उत्तर आपण 'अहमदनगर' असं द्यायचो. ते पायथॉनलाही पचायचं. अहिल्यानगरचे मात्र चार तुकडे होतात: अह, ल, य, नगर. (नामांतराच्या वादात पायथॉनची काही भूमिका नाही, एवढं सांगून पुढे जातो.)

आता खरी गंमत. त्याच पायथॉनमध्ये 'हिंगोली' हे चलाचं नाव म्हणून वापरा. निमूट चालतं. भाषेचं व्याकरण वाचणारा भाग, म्हणजे पार्सर, 'हिंगोली' हा एक अखंड शब्द मानतो. ही मुभा मार्टिन फॉन ल्योविस यांच्या २००७ सालच्या प्रस्तावामुळे आली आणि २००८ च्या अखेरीस पायथॉन ३ मध्ये लागू झाली. इंग्रजी न येणाऱ्यांनाही आपल्या लिपीत नावं देता यावीत, हा हेतू. तो चांगलाच होता. पण त्याच घरातला शब्द शोधणारा भाग म्हणतो की ही तीन सुटी अक्षरं आहेत. आणि 'हिंगोली' यात सगळी अक्षरंच आहेत का, असं तिसऱ्या खिडकीवर विचारलं, तर उत्तर येतं: नाही. वेलांटी तिच्या लेखी अक्षर नाही. एका इमारतीतल्या तीन टेबलांवर एकाच माणसाच्या तीन नोंदी सापडाव्यात, तसा हा प्रकार.

कारण साधं आहे. युनिकोडमध्ये 'ह' हे अक्षर म्हणून नोंदलेलं आहे आणि वेलांटी 'चिन्ह' म्हणून. पार्सर दोन्ही घेतो. शब्द शोधणारा भाग फक्त अक्षरं, अंक आणि अधोरेषा घेतो. युनिकोडच्या नियमावलीत शब्दाच्या व्याख्येत ही चिन्हं येतात. पायथॉन तिकडे काणाडोळा करतं.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही असंही नाही. देवनागरी मजकुराचे असे तुकडे होतात ही तक्रार २००७ सालीच पायथॉनच्या नोंदवहीत लागली. २०११ मध्ये टॉम ख्रिश्चनसन यांनी युनिकोडच्या नियमावर बोट ठेवून तीच गोष्ट अधिक कडक शब्दांत मांडली. तेव्हाचं अधिकृत दस्तऐवज सांगत होतं की ही खूण कुठल्याही भाषेतल्या शब्दात येणारी बहुतेक चिन्हं ओळखते. ज्या लिपीत बाराखडीतल्या बारापैकी अकरा रूपांना चिन्ह लागतं, तिच्यासाठी हे 'बहुतेक' म्हणजे नेमकं किती? पुढे ते वाक्य बदललं. आता तिथे अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढंच लिहिलेलं आहे. म्हणजे वचन पाळायचं सोडून वचनच कमी केलं. यावर 'आता कागद आणि यंत्र जुळलं की!' असं म्हणणारे भेटतात. जुळलं खरं, पण पाय कापून चप्पल बसवल्यासारखं.

त्यांचा दुसरा मुद्दा मी हलका मानत नाही. या खुणेचा अर्थ एकदम बदलला तर जगभरचे जुने प्रोग्रॅम कोलमडतील. मान्य. मग वेगळा पर्याय द्या, हवा त्याने चालू करावा. जावाने २०११ मध्ये, सातव्या आवृत्तीत, हेच केलं. पायथॉनमध्येही उलट दिशेचा पर्याय आहेच: फक्त इंग्रजी अक्षरं घे, असं सांगायची सोय आहे. पूर्ण देवनागरी घे, असं सांगायची नाही.

'देवनागरीत प्रोग्रॅम लिहितो कोण?' हा प्रश्न तर मला गैरलागूच वाटतो. प्रोग्रॅम इंग्रजीत लिहा, पण त्यात जाणारी नावं मराठी आहेत. लाभार्थ्यांची यादी, सातबारावरचे खातेदार, वाचनालयाची सूची. नाव तपासताना कुणी 'फक्त अक्षरं चालतील' अशी अट घातली, तर कमल आत येते आणि सीता बाहेर राहते. तिला कुणी चूक दाखवणार नाही, नाव अवैध आहे एवढंच सांगतील.

अंकांत हे सगळं उलटं होतं, म्हणून आणखी चिडायला होतं. हिंगोलीचा पिनकोड '४३१५१३' अवतरणात देऊन त्याची संख्या कर म्हटलं की पायथॉन बिनतक्रार करतं. तोच अंक थेट प्रोग्रॅममध्ये लिहिला की पार्सर अडतो. शब्दांत पार्सर उदार आणि ग्रंथालय कंजूष, अंकांत ग्रंथालय उदार आणि पार्सर कंजूष. अंकांबाबत दस्तऐवजात दोन्ही ठिकाणी खरं लिहिलेलं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फक्त दोन पानं एकमेकांना ओळखत नाहीत.

'शेतकऱ्यांची' यातला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो, स्वतंत्र ऱ वापरून किंवा साध्या र-ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पहिला चलाच्या नावात चालतो. दुसऱ्यावर न दिसणारं अवैध चिन्ह आहे, अशी चूक येते. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही चालतात.

जाणकार यावर 'रेजेक्स' नावाचं बाहेरचं पॅकेज बसवून घेतात. त्यात हिंगोली अखंड राहते. आपले मराठी प्रोग्रॅमर हीच पळवाट वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आले आहेत, मीही सांगतो. पण मूळ दस्तऐवजात त्या खुणेखाली या पाच तालुक्यांची ओळ आणि तिचे चौदा तुकडे उदाहरण म्हणून छापा, एवढी मागणी तरी आपण करू शकतो. त्याला कुठलाही जुना प्रोग्रॅम मोडत नाही.