जपानशी स्नेह आणि आमची तयारी

ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियो येथे भारत व जपान या दोन सरकारांनी मनुष्यबळाच्या देवघेवीची एक योजना जाहीर केली. पाच वर्षांत उभय देशांतील ५ लाख माणसांनी एकमेकांकडे जावे-यावे, आणि त्यांपैकी ५० हजार कुशल व होतकरू मंडळी भारतातून जपानात जावीत, असा तिचा उद्देश आहे. योजना चांगली आहे. तिचे आम्ही स्वागतच करितो. परंतु त्या ५० हजारांत आमच्या परभणीचा, चंद्रपूरचा किंवा सिंधुदुर्गाचा मुलगा अथवा मुलगी किती असेल, हा प्रश्न आमच्या राज्यकर्त्यांनी स्वतःस विचारल्याचे दिसत नाही. सरकारे करार करितात, आणि त्या करारांचे फळ ज्याची तयारी असेल तो नेतो. हा अनुभव मुंबईने एकदा घेतलेला आहे.

१८९३ साली जमशेटजी टाटा जपानास गेले व निप्पॉन यूसेन काइशा या जहाज-कंपनीशी बोलणे करून त्यांनी मुंबईचा कापूस व सूत नेण्यासाठी स्वतंत्र जहाजे सुरू केली. तोवर हा माल परकीय कंपन्यांच्या जहाजांतून, त्या मागतील त्या भाड्याने जात असे. या नव्या प्रतिस्पर्ध्याला बुडविण्यासाठी बलाढ्य पी. अँड ओ. कंपनीने आपले भाडे एकदम खाली आणिले. पुढे जे झाले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जपानी सूतगिरण्यांच्या संघाने आपला कापूस आपल्याच कंपनीच्या जहाजांतून आणण्याचे बंधन स्वखुशीने पत्करिले व ते पाळिले. इकडे मुंबईच्या अनेक व्यापाऱ्यांनी मात्र चार दिवसांच्या स्वस्त भाड्यास भुलून टाटांची साथ सोडिली. टाटांची जहाजे लवकरच बंद पडली. जपानी कंपनीची मुंबईची फेरी चालू राहिली. भांडवल दोहोंकडे होते, धाडसही होते. उणीव होती ती शब्दास जागणाऱ्या संघशक्तीची.

याच्या उलट, जेथे आमच्या माणसांनी जपानपासून समजून-उमजून काही घेतले तेथे यश आले आहे. १९०८ साली तळेगाव येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून उभारलेल्या निधीचे ते फळ होते. आणि त्या कारखान्यास हात दिला तो परदेशी जाऊन, विशेषतः जपानात, काचेची विद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी. अण्णासाहेब कर्वे यांच्या हाती टोकियो येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची एक पुस्तिका आली. नारुसे जिंझो यांनी १९०१ साली काढलेल्या त्या संस्थेच्या उदाहरणाने कर्व्यांचा विचार पक्का झाला, आणि १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ अवतरले. स्त्रियांचा अभ्यासक्रम पुरुषांहून निराळा असावा, हे त्यामागील तत्त्व आम्हांस मुळीच मान्य नाही. पण दूरच्या एका पुस्तिकेवरून घरची संस्था उभी करणारी ती बुद्धी मात्र आम्हांस आज हवी आहे.

आजची स्थिती काय आहे? पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर बाग आहे, तिला पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे, आणि रविवारी तेथे पुणेकरांची दाटी असते. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी-न्हावाशेवा सेतूस जपानचे कर्ज लाभले. मुंबई व योकोहामा ही १९६५ पासून भगिनी-शहरे आहेत. हे सर्व भूषणावह खरे. पण बागेत फिरणाऱ्या किती जणांस जपानी माणसाशी चार वाक्ये बोलता येतील?

पुण्यात जपानी भाषेचे अध्यापन पुष्कळ वर्षांपासून चालते आणि तिची पाच पायऱ्यांची परीक्षाही तेथे होते. दोष असा की, ही विद्या बहुतांशी शहरातील, इंग्रजी येणाऱ्या, फी भरू शकणाऱ्या घरांतच राहिली. वास्तविक जपानी भाषा मराठी मुलास इंग्रजीच्या आडवळणाने शिकविण्याचे कारणच नाही. मराठीप्रमाणेच तिच्यात क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते, आणि ‘टोकियोहून’ म्हणताना आपण जसा प्रत्यय मागे जोडितो तसाच जपानी माणूस ‘तोक्यो कारा’ म्हणतो. वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचे रूप बदलावे, हेही आमच्या मुलांस नवे नाही. लिपी कठीण आहे, यात शंका नाही. पण तिची अडचण इंग्रजी माध्यमाने कमी होत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक जिल्ह्यातील निदान एका आय.टी.आय. मध्ये व एका तंत्रनिकेतनात सरकारने जपानीचा वर्ग विनामूल्य काढावा, त्याची पाठ्यपुस्तके मराठीत करावी, आणि त्यांत मुलींसाठी जागा राखाव्या. हे न केल्यास ती जागा दलाल घेतील. जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांसंबंधी दोन्ही सरकारांत करार झाला, तेव्हापासून परदेशी नोकरीच्या नावाने शेत गहाण टाकावयास लावणाऱ्या मध्यस्थांवर सक्त नजर ठेवण्याची गरज वाढली आहे. कर्जाच्या ओझ्याखाली जपानात उतरलेला तरुण मालकापुढे मान वर करू शकत नाही. त्याच्या हातून कोणाचा स्नेह वाढणार?

दुसरी बाजू आमच्या घरची आहे. पुण्याच्या आसपासच्या जपानी कंपन्यांचे अधिकारी थोड्या वर्षांच्या मुदतीने, पुष्कळदा कुटुंबासह येतात. त्यांच्या स्त्रियांस दवाखान्यात, बाजारात, शेजारात कोण बोलते? योकोहामाने काय केले ते पाहा. १९२३ च्या भूकंपानंतर तेथील भारतीय रेशीम-व्यापारी, ज्यांत सिंधी बरेच होते, कोबेस निघून गेले, तेव्हा त्यांस परत आणण्यासाठी त्या शहराने खटपट केली. त्या उपकाराची आठवण म्हणून भारतीयांनी यामाशिता उद्यानात बांधलेली पाणपोई आजही उभी आहे. महाराष्ट्रात वाढलेले योगेंद्र पुराणिक जपानी नागरिक होऊन २०१९ साली टोकियोच्या एदोगावा भागाच्या सभेवर निवडून आले. आमच्या नगरपालिकांनी निदान पाण्याच्या व कचऱ्याच्या सूचना तरी जपानीत छापाव्या. खर्च किरकोळ आहे, आणि भाषांतर करून देणारे विद्यार्थी पुण्यातच आहेत.