हजार रुपयांची काटकसर

भिवंडीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराच्या घरी वर्षाला एक हजार रुपये ही नगण्य रक्कम नव्हे. केंद्राच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीतून पहिली ते पाचवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्याला तेवढेच मिळत. सच्चर समितीच्या अहवालानंतर २००८ मध्ये सुरू झालेली ही योजना २०२२ मध्ये नववी-दहावीपुरती मर्यादित करण्यात आली. आठवीपर्यंतचे शिक्षण कायद्यानेच मोफत आहे, हे त्याचे कारण. तरतूद २०२२-२३ मधील १,४२५ कोटींवरून २०२३-२४ मध्ये ४३३ कोटींवर आली. त्याच अर्थसंकल्पात संरक्षणाची तरतूद ५.२५ लाख कोटींवरून ५.९४ लाख कोटींवर गेली.

शिष्यवृत्तीचा पैसा तोफांकडे वळवला, असे म्हणणे सोपे आहे. पण हिशेब तसा नाही. संरक्षणातील वाढ सुमारे ६८ हजार कोटींची, शिष्यवृत्तीतील बचत हजार कोटींच्याही आतली. २०२० च्या गलवान संघर्षानंतर संरक्षणावरील वाढीचे समर्थन करता येईल. ही किरकोळ बचत मात्र कशासाठी? शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करावा, ही कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिचाच पुनरुच्चार केला, हे येथे आठवावे.

शुल्क माफ झाले म्हणून वह्यांचा आणि रिक्षाभाड्याचा खर्च टळत नाही. शिवाय घरी कांड्या भरायला बसलेले मूल चार पैसे मिळवते. ते सहावी-सातवीतच शाळेबाहेर पडले, तर नववीची शिष्यवृत्ती त्याच्यापर्यंत पोहोचणार कशी?