भाकरी कुणाच्या चुलीवरची?

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे दोन बोंबा ठरलेल्या. पहिली शेंडीवाल्यांची : आमिष दाखवून गरिबाला बाटवतात. दुसरी आपल्याच पोरांची : मिशनरी म्हणजे गोऱ्या साहेबाचा दलाल, विषय खलास. पहिल्या बोंबेचा तर कायदा झाला. १९६७ साली ओडिशात, १९६८ साली मध्य प्रदेशात, आणि १९७७ साली सुप्रीम कोर्टाने दोन्ही कायद्यांवर शिक्का मारला. पुढे इतर राज्यांनीही तसलेच कायदे केले. दुसरी बोंब कट्ट्यावर असते. कटिंग चहा संपला की तीही संपते.

आमिष हा शब्द ज्याने कायद्यात घातला तो उपाशी झोपलेला नसणार. गळाला लावतात ते आमिष. भुकेल्या माणसाच्या हातावर ठेवतात ती भाकरी. ज्यांच्या बापजाद्यांनी विहीर बंद ठेवली, त्यांना दुसऱ्याने ओंजळीत घातलेलं पाणी खुपतं. खुपू द्या. पण आपण तरी ह्या भाकरीकडे नीट बघितलंय काय? कुणी भाजली, कुणाला मिळाली, आणि तिची किंमत कुणी भरली?

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' लायब्ररीत मिळतं, वाचा. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड नारायण वामन. कोकणस्थ बामण, कवी. १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. बायको मागे राहिली. तिचं माहेर इतकं सोवळं की बाप बाजारातून आणलेलं सगळं धुऊन घ्यायचा. त्या घरातली ही बाई वर्षानुवर्षं नवऱ्यापासून वेगळी राहिली, पुढे नगरला आली तेव्हाही चूल-पाणी वेगळं. मग एक दिवस तिने आपल्याच डोक्याने हिशेब केला : जात देवाने केलेली नाही, माणसाने केली. आणि कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हे लक्षात घ्या. धर्म बदलायच्या आधी बाईने जात मोडली. पाद्र्याच्या प्रवचनाने नाही, पाण्याच्या भांड्याने.

तो मोठ्या दुष्काळाचा काळ. गावंच्या गावं उठलेली, आईबाप मेलेले, पोरं रस्त्याला. टिळकांच्या घरात अशी पोरकी पोरं आली. शिकणारी आली, भटकी आली. टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही, आला की वाटून मोकळे. पाहुणा दारात उभा करायचा आणि आपण कवितेत जायचं, ही त्यांची रीत. डब्यात पीठ आहे की नाही हे बघायचं लक्ष्मीबाईंनी. त्यांनी हे सगळं हसत-हसत लिहिलंय. पण हसू बाजूला सारून वाचलं की कळतं, मिशन म्हणतात ते बरंचसं त्या बाईच्या मनगटावर चाललेलं होतं.

ह्याच घरात बालकवी राहिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांचा पोर कविता म्हणून गेला, टिळकांच्या नजरेत भरला, नगरला आला. शिक्षण अर्धवट सुटलेलं, डोकं भणंग. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं, रागावल्या, जेवू घातलं. तो ख्रिस्ती झाला नाही. तरी त्याचं ताट कुणी उचललं नाही. 'आमिष, आमिष' म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. १९१८ साली भादलीला रेल्वेखाली गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी. जितका जगला तितक्यात मराठीला जे देऊन गेला, त्यात त्या घरच्या भाकरीचा वाटा आहे. कवीला घर लागतं. फुटपाथवर बसून कविता सुचते, पण वही पावसात भिजते.

आता दुसरं पान उलटा.

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग. अमेरिकन मिशन १८३१ पासून तिथं. आमच्याच आज्या-पणज्या त्या देवळात गुडघे टेकत होत्या, आमचेच लोक गावोगाव उपदेश करत पायपीट करत होते. त्यातल्या किती जणांची नावं तुम्हाला-मला सांगता येतात? बामण ख्रिस्ती झाला की त्याचा रेव्हरंड होतो, त्याच्यावर पुस्तकं होतात, शाळेत धडा लागतो. महार ख्रिस्ती झाला की गावाच्या लेखी तो महारच राहतो, फक्त रविवारी धुतलेले कपडे घालतो. बालकवीला घर मिळालं, चांगलं झालं. त्याच नगरच्या महारवाड्यातल्या सतरा वर्षांच्या पोराची कविता कुठं गेली?

बाबासाहेबांनी हा हिशेब लिहून ठेवलाय. मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचं काम त्यांनी नाकारलं नाही. पण ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यावर अन्याय झाला तर त्याच्यासाठी लढा कुणी उभा केला, आणि देवळातली जात कुणी मोडली, असं त्यांनी रोखठोक विचारलं. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या कबरस्तानात दलित ख्रिस्त्यांची मढी वेगळी ठेवायला भिंत घातली गेली. येशूच्या राज्यात मेल्यावरही पंगत वेगळी.

सरकार त्याहून हुशार. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीच्या सवलतींना धर्माची अट घातली. १९५६ साली शीख आत घेतले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच. मद्रासच्या रस्त्याकडेला जोडे शिवणारा एक ख्रिस्ती चांभार सुप्रीम कोर्टात गेला. सरकार चांभारांना टपऱ्या देत होतं, ह्याला नाही, कारण हा ख्रिस्ती. १९८५ साली कोर्टाने त्याचा अर्ज फेटाळला. आरी तीच, रापी तीच, कातडं तेच, रस्ता तोच. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही अट काढा म्हणून सांगितलं. अट आहे तिथंच आहे.

म्हणजे एका बाजूला चूल आणि दुसऱ्या बाजूला भिंत. चूल बाईने मांडली, भिंत संस्थेने बांधली. मिशनरीचं भलं-बुरं तोलायचं तर ह्या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत टाकायला पाहिजेत. आपले काही लोक चूल बघत नाहीत, त्यांचे काही लोक भिंत बघत नाहीत.

आता आपल्या मुंबईत या. वडाळ्याला. गोदीच्या पाठीमागचा हा भाग आपल्याला पाठ आहे. तिथल्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाच्या खोल्यांत १९७२ ची पँथर घडली. त्याच वडाळ्यात १९८७ पासून डॉन बॉस्कोवाल्यांचं शेल्टर आहे, स्टेशनावरच्या बेघर पोरांसाठी. हा डॉन बॉस्को इटलीतल्या तुरीन शहरातला पाद्री. १८४६ साली त्याने आपल्या म्हाताऱ्या शेतकरी आईला, मार्गेरिताला, शहरात आणलं. पुढच्याच साली खेड्यातून कामाला आलेला एक बेघर पोर त्यांच्या घरात झोपला, मग पोरं वाढत गेली. पोरांच्या पोटासाठी आईने स्वतःच्या लग्नातलं ठेवणीतलं कापडचोपड आणि दागिना विकला. पोरगा पुढे संत झाला. आई १८५६ साली वारली.

त्या पाद्र्याची एक गोष्ट मात्र मला गोदीकामगार म्हणून पटते. पोराला सुताराकडे उमेदवार म्हणून लावताना त्याने कागद केला. १८५२ चा कागद आहे : पोराला मारायचं नाही, तोंडाने सांगायचं. धंद्याबाहेरची कामं लावायची नाहीत. रविवारी सुट्टी. आज मुंबईत ठेकेदाराच्या हजेरीवर गोण्या उचलणाऱ्या आपल्या पोरांसाठी असा कागद कुणी केलाय काय? आपण मोर्चे केले, भाषणं केली. कागद नाही केला.

आपल्याकडे चूल नव्हती असं नाही. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढलं. धारवाडच्या बोर्डिंगची गोष्ट आपण दरवर्षी जयंतीला ऐकतो : पोरांचं धान्य संपलं आणि रमाईने हातातल्या बांगड्या काढून दिल्या. स्टेजवर ही गोष्ट सांगितली की टाळ्या पडतात. टाळ्या संपल्यावर एक विचार करा. तुरीनला दागिना बाईचा, धारवाडला बांगड्या बाईच्या, नगरला मनगट बाईचं. देव वेगळे, धर्म वेगळे, पण चुलीपुढे बसलेली एकच. आणि आपल्या चळवळीत? कार्यकर्ता रात्री एक वाजता चार दोस्त घेऊन घरी येतो, बायको उठून पिठलं टाकते. सकाळी तिला धुणीभांड्याला जायचं असतं. तिचं नाव कुठल्या ठरावात आलंय? उलट रात्रीच्या पिठल्यावर क्रांतीची चर्चा करून आपण तिलाच विचारतो, तुला काय कळतं ग.

दोस्तांनो, गटबाजीत आपण पन्नास ऑफिसं काढली. प्रत्येकाला बोर्ड आहे, लेटरहेड आहे, अध्यक्ष आहे. स्वयंपाकघर एकालाही नाही. गावाकडून पोरगा कॉलेजला येतो, वसतिगृहाच्या यादीत नाव लागत नाही, शिष्यवृत्ती वर्षभर रखडते, तो कुठं झोपतो? पुलाखाली. तिथं त्याला कोण गाठतं? कधी पाद्री, कधी शाखेवाला, कधी गर्दवाला. ज्याच्या हातात भाकरी त्याची हाक पोराच्या कानात. मग आपण बोंबलायचं, पोरं फुटली म्हणून.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वस्तीवस्तीत एक खोली घेऊ. भाडं वर्गणीतून. दहा पोरं झोपतील, पाच अभ्यास करतील. स्वयंपाकाची पाळी लावू, गोदीत लावतो तशी, आणि पाळीवर नावं पुरुषांची टाकू, अध्यक्षापासून सुरुवात करून. येणाऱ्याला जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, ख्रिस्ती दलिताचं पोर असलं तरी पहिलं ताट वाढायचं. कारण कोर्टाने त्याला बाहेर काढलंय, आपण काढायचं कारण नाही. भिंतीवर बाबासाहेब असतील, बुद्ध असेल. पण जेवायच्या आधी वंदना म्हणच अशी सक्ती नको. अट घातलेली भाकरी कुणाचीही असो, ती घशाखाली उतरताना ओरबाडते.

ह्या रविवारी मी कणीक मळायला येतो. खोली कोण बघतंय ते सांगा.

जय भीम.