गणपतीआधी वायरींची पिशवी उपसा

रत्नागिरीत गणपतीची आवराआवर श्रावणातच सुरू होते. माळे झाडले जातात, पितळेची भांडी घासून निघतात, मखराचं सामान बाहेर काढायला उन्हाची एखादी तिरीप पडायची वाट बघतात. एका पिशवीला मात्र कुणी हात लावत नाही. फडताळाच्या तळाशी, नाहीतर टीव्हीच्या खालच्या खणात ती असते. आत नोकियाचा बारीक पिनचा चार्जर, बंद पडलेल्या राउटरचा अडॅप्टर, एक कान गेलेले इयरफोन, डीव्हीडी प्लेअरची लाल-पांढरी-पिवळी वायर, आणि दरवर्षी मुंबईकर विसरून जातात त्या दोन-चार केबली. यंदा ती पिशवी ओटीवर ओता आणि निकालात काढा, एवढंच सांगायचं आहे.

‘असू दे, लागेल कधीतरी’ हा आपला जुना स्वभाव, आणि तो वाईट नाही. सुंभाचा तुकडा, जादा कौलं, रिकाम्या बरण्या लागतातच. पण वायर किनाऱ्यावर नुसती ठेवून टिकत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने भिंतींना ओल आणि बारा महिने खारा वारा. मांडवी किंवा भाट्याच्या बाजूला राहणाऱ्यांना हे जास्तच ठाऊक. तिथं खिडकीचे गज गंजतात, तर चार्जरच्या पिनेची काय कथा? पिशवीतली एखादी जुनी केबल घ्या आणि टोक उजेडात धरून बघा. आतल्या बारीक पट्ट्या स्वच्छ असायला हव्यात. त्यांच्यावर हिरवट किंवा काळपट पुटं चढली असतील तर तिथं क्षार बसलेत. असा सांधा वीज नीट सोडत नाही आणि तापतो. आवरण चिकट झालंय का, टोकाशी तडकलंय का, हेही बघा. तडकलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळून वापरणारे हुशार घरोघरी आहेत. ती हुशारी टॉर्चच्या बाबतीत चालेल, रात्रभर उशाशी लावलेल्या मोबाइलच्या बाबतीत नको.

टोक चांगलं निघालं तरी काम संपत नाही. गोल पिनचे अडॅप्टर दिसायला सारखे असतात आणि तिथंच घात होतो. चष्मा लावून अडॅप्टरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. ‘इनपुट’ 100 ते 240 व्होल्ट, ते सोडून द्या. ‘आउटपुट’च्या ओळीत राउटरच्या अडॅप्टरवर बहुधा 12 व्होल्ट सापडतील, दुसऱ्या कशावर 9, तिसऱ्यावर 5. ज्या यंत्राला लावायचा त्याच्यावर लिहिलेला व्होल्टचा आकडा आणि हा आकडा तंतोतंत एक हवा. अँपिअरचा आकडा अडॅप्टरवर जास्त असला तर चालतो, कमी नको. शेजारी गोलाचं एक छोटं चित्र असतं, अधिकचं चिन्ह आतल्या टिंबाला जोडलंय की बाहेरच्या कड्याला ते दाखवणारं. काही कीबोर्ड वाद्यांना उणे आत लागतो. ऐन भजनाच्या वेळी राउटरचा अडॅप्टर पिनेत बसतोय म्हणून वाद्याला लावलात, तर पुढे पेटीच वाजवावी लागेल.

जुळणी झाली की अडॅप्टरवर कागदी चिकटपट्टी लावा आणि पेनानं लिहा: राउटर, ट्रिमर, बाबांचं बीपी मशीन. ज्याचं यंत्रच घरात उरलं नाही, तो अडॅप्टर ठेवायचं काही कारण नाही.

मग ठेवायचं काय? चालू मोबाइलांपुरत्या केबली, एक जादा, आणि जुन्या बारीक पिनची एक, कारण आजीचा फोन अजून त्याच्यावरच चालतो. पसारा कमी करायला आता काळही अनुकूल आहे. युरोपात 28 डिसेंबर 2024 पासून विकायला येणाऱ्या नव्या मोबाइलना सी-टाइप पिन सक्तीची झाली. आयफोननं 2023 मध्येच ती घेतली. तेव्हा ट्रिमर, स्पीकर, टॉर्च, काहीही नवं घेताना सी-टाइपचंच मागा. एक सावधगिरी हवी: सगळ्या सी-टाइप केबली एका ताकदीच्या नसतात, म्हणून लॅपटॉपची केबल वेगळी बांधून ठेवा. रस्त्यावरचा पन्नास-शंभराचा चार्जर घेऊ नका. नीट चार्जरवर भारतीय मानकाचा क्रमांक आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून खरा की खोटा ते तिथल्या तिथं कळतं.

एक पॉवर बँक भरलेली ठेवाच. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांनी अंधारात किती दिवस काढले, ते तिकडच्यांना विचारा.

आता उरलेल्या ढिगाचं. तो न्हाणीच्या चुलीत घालू नका. पाणी तापवायला सोडणं, झावळ्या आणि त्यांच्याबरोबर हाताला लागेल तो कचरा ढकलायची सवय आपल्याकडे आहे, भाजावळीतही तेच होतं. वायरीचं आवरण बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी म्हणजे काय ते रत्नागिरीला सांगायला नको, रनपारला फिनोलेक्सचा कारखाना 1994 पासून तेच बनवतो. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरिन असतो. ते उघड्यावर जळलं की आम्लाचा झोंबरा धूर निघतो, आणि आत तांबं असल्यामुळे डायॉक्सिनसारखी विषं तयार व्हायला आणखी मदत होते. चुलीची राख आपण माडाच्या आळ्यात टाकतो, हेही लक्षात घ्या. तांब्याच्या भावासाठी वायरी जाळणाऱ्या भंगारवाल्याला त्या दिल्या, तर धूर फक्त दुसऱ्या वाडीत जातो. 1993 मध्ये स्टरलाइटचा तांबं गाळण्याचा कारखाना इथं उभा राहायला लागला तेव्हा रत्नागिरीकर रस्त्यावर उतरले होते. पुढच्या वर्षी सरकारनं परवानगी काढून घेतली आणि कारखाना तुतिकोरिनला गेला. ज्या गावानं तांब्याचा एवढा मोठा कारखाना परतवला, त्या गावात परसातल्या चुलीवर तांबं मोकळं करायचं, हे काही शोभत नाही.

ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. जुन्या वस्तूंचा पुनर्वापर होईल हे पाहण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून नवा मोबाइल घेताना दुकानदाराला किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुने चार्जर घ्यायला सांगा. एकट्याला लाज वाटत असेल तर वाडीनं मिळून करा. सार्वजनिक मंडळांना माझी विनंती आहे: मंडपाच्या दाराशी एक झाकणाचा खोका ठेवा, पावसाचं पाणी लागणार नाही असा. नगर परिषदेशी किंवा ग्रामपंचायतीशी आधीच बोलून घ्या, आणि माल प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्वापरवाल्याकडेच पाठवा, पोचपावती घेऊन. तसा कुणी जवळ सापडला नाही तर मुंबईकर आहेतच. परतताना त्यांना नारळ, कोकम, तांदूळ बांधून देतोच, त्यात त्यांचेच विसरलेले चार्जर घाला.

खोक्यात फुगलेली पॉवर बँक किंवा मोबाइलची बॅटरी मात्र कुणाला टाकू देऊ नका. ती चार्जिंगला लावायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर अजिबात नाही. कोरड्या वाळूच्या डब्यात घालून, घराबाहेर सावलीत आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि घेणाऱ्याला आधी सांगून वेगळी द्या.