मरणाआधीचा एकांत

मरणानंतर काय, या प्रश्नाच्या उत्तरांची आपल्याकडे वाण नाही. आत्मा, पुनर्जन्म, मोक्ष यांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. ज्यांचा त्यांवर विश्वास नाही त्यांचेही उत्तर ठरलेले आहे. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात एकट्याच राहणाऱ्या म्हातारीला हा प्रश्न निराळ्या रूपात पडतो. आपण रात्री गेलो तर सकाळी कोणाला कळेल? खांदा कोण देईल? सरणाच्या लाकडांचे काय? ही चिंता परलोकाची नव्हे, शेजारपाजाराची आहे. आणि तिचे उत्तर देणे समाजाच्या हाती आहे.

या एकांताची मुळे बव्हंशी आर्थिक आहेत. कोरडवाहू कापसावर दोन पिढ्यांचा निर्वाह होत नाही, म्हणून मुले पुण्या-नागपूरकडे जातात. त्यांना कृतघ्न म्हणणे सोपे आहे. आईवडिलांच्या निर्वाहाची सक्ती करणारा कायदा २००७ साली झाला. पण ज्या मुलाची मजुरी त्यालाच पुरत नाही, त्याच्याविरुद्ध बापाने दाद मागून काय मिळवावे? शिवाय याच जिल्ह्यात अनेक वृद्धांवर आत्महत्या केलेल्या मुलाला अग्नी देण्याची पाळी आली. २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले; त्याचा विचार कर्ज, व्याज आणि सिंचन यांचा होता. घरात मागे उरलेल्या म्हाताऱ्यांचे खाते कोणत्याच हिशेबात नव्हते.

आपल्यासारख्या नोकरदारांना निवृत्तीचे वय असते. शेतमजुराला ते नसते. हात चालेनासे झाले की त्याची निवृत्ती. श्रावणबाळ योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाले, म्हणजे दिवसाला ५० रुपये. केंद्राच्या योजनेत ऐंशीच्या आतील वृद्धासाठी २०० रुपयांचा वाटा २००७ पासून तसाच आहे. महागाई मात्र थांबलेली नाही. एवढ्यासाठीही वृद्धाने दरवर्षी हयातीचा दाखला द्यावयाचा! आपण जिवंत आहोत, हे त्याने कचेरीला पटवावयाचे. तो जिवंत आहे काय, हे पाहावयास मात्र कोणी त्याच्या दारी जावयाचे नाही.

आर्णी तालुक्यातील उमरी पठारच्या संत दोला महाराज वृद्धाश्रमासारख्या संस्था निराधारांना आसरा देतात, त्यांचे मोल मोठे आहे. तथापि प्रत्येक म्हाताऱ्याला आश्रमात धाडणे हा मार्ग नव्हे. बहुतेकांना आपल्याच उंबरठ्यावर डोळे मिटावयाचे असतात. म्हणून ग्रामसभेने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंदवही ठेवावी, हयातीचा दाखला तलाठ्याने दारी जाऊन घ्यावा, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी आठवड्यातून एकदा अशा घरांची कडी वाजवावी. अंत्यविधीचा भार गावाने उचलावा. यांतील कशालाही मोठा निधी लागत नाही.

कर्ज काढून सणसमारंभ करू नका, असे गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनांतून सांगत राहिले. तेराव्याच्या पंगतीला आजही माणसे जमतात. त्यांतील चौघे आधी येऊन बसली असती, तर जाणाऱ्याला मरणाचे भय कदाचित कमी वाटले असते. मरणानंतर काय होते, ते ज्याचे त्याला कळेल. मरणाआधी काय होते, त्याचा जाब मात्र आपणांस द्यावा लागेल.