जुन्या सायकलीचा घरापर्यंतचा प्रवास

जुनी सायकल विकत घेणाऱ्याचा खर्च दुकानदाराच्या हातावर पैसे ठेवल्याने संपत नाही. ती सायकल घरच्या भिंतीला टेकेपर्यंत तो चालूच राहतो. हा उरलेला खर्च कोणत्याही पावतीवर लिहिला जात नाही, कोणत्याही अंदाजपत्रकात त्याची तरतूद नसते आणि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. तरीही चंद्रपूरसारख्या शहरात अल्प उत्पन्नाच्या माणसाला तो चुकविता येत नाही. त्याची वसुली बाजार करीत नाही, रस्ता करतो. आणि रस्ता ही सार्वजनिक व्यवस्था असल्याने या खर्चाचा विचारही सार्वजनिक रीतीनेच व्हावयास हवा.

जुनी सायकल कोण घेतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. साध्या नव्या सायकलीला आज पाच-सहा हजार रुपये सहज पडतात. ज्याला एवढी रक्कम एकदम उभी करता येत नाही, तो दुरुस्तीच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या जुन्या सायकलींकडे वळतो. औष्णिक वीज केंद्रातील कंत्राटी कामगार, पहाटे वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, बांधकामावरचा मिस्त्री, गडचिरोलीकडील खेड्यातून शिकावयास येऊन खोली घेऊन राहिलेला विद्यार्थी, असे हे गिऱ्हाईक असते. त्यांच्या दृष्टीने सायकल हे उत्पादनाचे साधन आहे. तिच्यामुळे ऑटोचे रोजचे भाडे वाचते, दूरचे काम स्वीकारता येते, वर्गात वेळेवर पोहोचता येते. जुनी सायकल ही गरिबाची भांडवली गुंतवणूकच होय.

मात्र ही गुंतवणूक ज्या बाजारात होते तो बाजार आंधळा आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला. २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे हेच काम होते. वस्तूचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे चांगल्या वस्तूलाही वाईट वस्तूचाच भाव मिळू लागतो आणि चांगल्या वस्तू हळूहळू बाजारातून निघून जातात, असा त्या सिद्धांताचा आशय. सायकलीच्या बाबतीत तो तंतोतंत लागू पडतो. नवा रंग मारला की फ्रेमचा जुना जोड झाकला जातो. कप-कोन घासले आहेत की छर्रे फुटले आहेत, हे उभ्या सायकलीकडे पाहून समजत नाही.

दुसरा धोका मालकीचा. माल विक्री कायदा १९३० सालचा. विकणाऱ्याचीच मालकी खरी नसेल तर घेणाऱ्यालाही ती सामान्यतः मिळत नाही, हे त्यातील तत्त्व. मोटारसायकलीला नोंदणीपुस्तक असते, सायकलीला काहीच नसते. एके काळी अनेक नगरपालिका सायकलींवर कर आकारीत आणि तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. तो कर गेला हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर नोंदही गेली. परिणामी, प्रामाणिकपणे पैसे मोजून सायकल घेणाऱ्यालाही वाटेत कोणी हटकले तर दाखविण्यासारखा कागद त्याच्यापाशी नसतो.

अशा स्थितीत सायकलीची खरी तपासणी होते ती तिच्या पहिल्या प्रवासात. दुकानासमोर दोन फेऱ्या मारून जे कळत नाही ते दोन किलोमीटर गेल्यावर कळते. मागच्या चाकाला आऊट आहे, ब्रेकचे रबर रिमला एकाच बाजूने लागते, चढावर जोर दिला की चेन उतरते, क्रँकची कॉटर पिन सैल आहे. या प्रत्येक दोषाचे ज्ञान चालत्या रस्त्यावर, पुढे-मागे वाहने असताना होते. ज्या सायकलीचा स्वभाव अद्याप ठाऊक नाही ती शहरातून पार नेणे हा म्हणूनच एक छोटासा जुगार असतो. आणि त्यात पणाला लागलेली वस्तू पैशांहून मोठी असते.

चंद्रपूरच्या रचनेमुळे हा जुगार अधिक कठीण होतो. गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या आत जुने शहर वसले आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे, आणि त्यांखेरीज पाच खिडक्या. गोलबाजाराच्या परिसरातून तुकूम, दुर्गापूर किंवा ऊर्जानगर गाठावयाचे तर सरळ वाट उत्तरेच्या जटपुरा दरवाजाकडून जाते. हत्ती, घोडे आणि बैलगाड्या यांच्यासाठी उभारलेल्या या वास्तूपाशी आज बस, ऑटो, मोटारी आणि दुचाकी एकाच वेळी येऊन थांबतात. या गर्दीत सर्वांत हलके वाहन सायकलीचेच, आणि म्हणून सर्वांत आधी बाजूला ढकलले जाते तेही तेच. दरवाजा ओलांडून बाहेर पडल्यावर रस्ता रुंद होतो, परंतु सुरक्षित होतोच असे नाही. कोळसा, सिमेंट आणि राख वाहणाऱ्या जड वाहनांचा हा जिल्हा आहे. रस्त्याच्या कडेची बारीक खडी आणि धूळ नेमकी तेथेच साचते जेथून सायकलस्वाराने जावे अशी अपेक्षा असते.

वेळेचाही प्रश्न आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५-४६ अंशांवर जातो. त्या उन्हात जुन्या सायकलीची पारख करावयास दुपारी कोणी बाहेर पडत नाही. शिवाय मजुराची सुटी संध्याकाळी होते. म्हणजे खरेदी दिवेलागणीला आणि घरी परतणे अंधारात. पूर्वी सायकलीला डायनॅमोचा दिवा असे. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींना तोही नसतो. ऊर्जानगर आणि दुर्गापूर ही वस्ती ताडोबाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच परिसरात वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली होती. चालू न शकणारी सायकल ढकलत अशा वाटेने अंधारात जाणे म्हणजे काय, हे तेथील रहिवाशांना सांगावयास नको.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की आता मोटारसायकलीचे युग आहे. सायकलीची चिंता वाहणे म्हणजे मागे पाहणे होय. हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शंभरांपैकी सुमारे ४५ कुटुंबांकडे सायकल होती. आठवीपासून बारावीपर्यंतच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना कायद्याने मोटारसायकल चालविताच येत नाही. पेट्रोलचा खर्च ज्याच्या मजुरीचा लक्षणीय भाग खाऊन टाकील, त्याच्यासाठी सायकल आजही वर्तमानकाळच आहे.

सायकलीने काय साधते याचा पुरावाही उपलब्ध आहे. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २००० रुपये देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी तिचा अभ्यास केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार माध्यमिक शाळेतील योग्य वयाच्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगा-मुलगी यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष दिसला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य दिले जाते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या आणि तीन-चतुर्थांश भूभाग वनाखाली असलेल्या गडचिरोलीला अशा योजनेची गरज किती, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. तेथे शाळेची वाट जंगलातून जाते आणि आलापल्ली-आष्टी मार्गासारख्या ठिकाणी लोहखनिजाच्या ट्रकांच्या शेजारून जाते.

शासन सायकल देते, किंवा बाजार ती विकतो. परंतु ती चालविण्यासाठी निर्भय रस्ता देण्याची जबाबदारी मात्र कोणीच आपली मानीत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल व तिचे सुटे भाग यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्हच. त्याचा मोठा लाभ नव्या सायकलीच्या गिऱ्हाइकाला होतो. जुनी घेणाऱ्याच्या वाट्याला सुट्या भागांवरील किरकोळ बचतच येते. त्याला हवा असलेला दिलासा करात नाही, रस्त्यात आणि विश्वासात आहे.

तो देणे फार खर्चाचेही नाही. प्रत्येक सायकलीच्या फ्रेमवर क्रमांक कोरलेला असतो. विकणाऱ्याने तो क्रमांक, तारीख, किंमत आणि आपली सही असलेली चिठ्ठी द्यावी, आणि महानगरपालिकेने कोणतेही शुल्क न घेता तिची नोंद ठेवावी. मालकीचा प्रश्न एवढ्याने बराच सुटेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आठवड्यातून एक दिवस जुन्या सायकली तपासून देण्याचे काम विद्यार्थ्यांकडून करून घेतले, तर शिकणाऱ्यांना हात बसेल आणि घेणाऱ्यांना दोष रस्त्यावर येण्यापूर्वीच कळेल. परकोट हे संरक्षित स्मारक आहे. दरवाजे रुंद करता येणार नाहीत आणि करूही नयेत. परंतु खिडक्यांकडे जाणाऱ्या गल्ल्या मोकळ्या ठेवून पादचारी आणि सायकलस्वारांसाठी त्या राखता येतील काय, याचा अभ्यास अवश्य व्हावा. तुकूम-दुर्गापूरच्या वाटेवर कडेचा एक पट्टा झाडून स्वच्छ ठेवणे आणि दिवे चालू ठेवणे यासाठी तर कोणत्याही नव्या योजनेची आवश्यकता नाही.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्ते वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहेत, हे तत्त्व स्वीकारले आहे. ते आचरणात आले की नाही हे मोजण्यासाठी उड्डाणपुलांची लांबी पाहण्याचे कारण नाही. दिवसभराची मजुरी खिशात घालून, अनोळखी सायकल घेऊन निघालेला कामगार जटपुरा ओलांडून रात्री नऊच्या आत सुखरूप घरी पोहोचतो की नाही, एवढे नगरसेवकांनी आणि अभियंत्यांनी एकदा स्वतः त्या रस्त्याने सायकल चालवून पाहावे. अंदाजपत्रकात कशाची तरतूद राहून गेली, हे त्यांना घरी पोहोचण्यापूर्वीच समजेल.