विश्लेषण : पुलाला हात न लावता त्याची कंपने कशी मोजतात?

महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ची चर्चा होते. त्यात लेझर आणि कॅमेऱ्याचा उपयोग किती?

कंपनांवरून काय कळते?
मडके विकत घेताना आपण ते वाजवून पाहतो. तडा असेल, तर आवाज बद्द येतो. पुलाचेही तसेच आहे. प्रत्येक पुलाची नैसर्गिक कंप्रता ठरलेली असते. मोठ्या पुलांत ती सहसा सेकंदाला काही कंपने एवढीच असते. बांधकामाचा ताठरपणा घटला, की ती कमी होते. ती मोजण्यासाठी एरवी पुलावर चढून संवेदक बसवावे लागतात.

लेझर काय करतो?
हलत्या पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते. हाच डॉप्लर परिणाम. ६३३ नॅनोमीटरचा लाल लेझर वापरला आणि पृष्ठभागाचा वेग सेकंदाला केवळ १ मिलिमीटर असला, तरी हा फरक सुमारे ३,१६० हर्ट्झ भरतो. परतलेला प्रकाश मूळ किरणात मिसळून तो मोजता येतो. मात्र एक किरण एकाच बिंदूची माहिती देतो.

आणि कॅमेरा?
कॅमेरा संपूर्ण पूल एकदम टिपतो. डोळ्यांना न दिसणारी हालचाल संगणकाने मोठी करून दाखवण्याची पद्धत अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडली. सेकंदाला ३० चित्रे घेणारा साधा कॅमेराही १५ हर्ट्झपेक्षा कमी कंप्रता ओळखू शकतो. अचूकता मात्र लेझरइतकी नसते. वाऱ्याने कॅमेराच हलला, तर आकडे फसवतात.

मर्यादा कोणत्या?
तापमानानेही कंप्रता बदलते. त्यामुळे एकदाच मोजून भागत नाही. पूल धडधाकट असतानाची नोंद हाताशी हवी. जुन्या पुलांची अशी नोंद नसेल, तर तुलना कशाशी करणार? म्हणून मोजणीची सुरुवात आजच व्हायला हवी.

पण उपकरण फक्त इशारा देते. कुंडमळ्याचा पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे आधीच लागलेला होता, तरी त्यावर गर्दी झाली. तिथे उणीव मोजणीची नव्हती, पूल वेळीच बंद करण्याची होती.